एका ठिपक्याचे छत्तीस

लॅपटॉपच्या पडद्यावर माउसचा बाण दर चार फ्रेमनंतर जागा बदलतो. मॉनिटरवर दर आठ. मोबाइलवर स्लो मोशन लावून, सेकंदाला दोनशे चाळीस फ्रेम घेऊन, मी हे तीनदा मोजलं. तिन्ही वेळा चार आणि आठ. म्हणजे लॅपटॉप स्वतःच्या पडद्याला सेकंदाला साठ चित्रं देतो आणि केबलने जोडलेल्या मॉनिटरला तीस. माउस उजवीकडे सरकवला की बाण लॅपटॉपची कड ओलांडतो आणि पलीकडे गेल्यावर जड होतो, ओल्या वाळूत चालणाऱ्या माणसासारखा. दोष मॉनिटरचा नाही. मॉनिटर सत्तावीस इंची, नवा, आडव्या ओळीत तीन हजार आठशे चाळीस ठिपके दाखवणारा. दोष लॅपटॉपच्या जुन्या पोर्टचा, आणि आत बसवलेल्या ग्राफिक्सचा. त्याला स्वतःची मेमरी नाही. आठ जीबीची एकच पट्टी आहे, तिच्यातूनच ते आपला वाटा घेतं, आणि राहिलेल्यात बाकी सगळं चालतं. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते पडवीत गळाची दोरी गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "म्हणजे आपल्या बोटीवरच्या विंचासारखं. एकच इंजिन. जाळं ओढायला लावलंन की बोट मरते." मी म्हटलं, हो, तसंच. कॉलेजात अकरावीच्या मुलांना एवढं सांगायला मला दहा मिनिटं लागतात. आप्पा, माझे वडील, सातवी शिकलेले, चाळीस वर्षं तांडेल होते, बोट त्यांच्या हाताखाली चालायची. सात वर्षांत ते एकदाही बोटीवर चढलेले नाहीत. मांडवीच्या जेट्टीवर जातात, टोकापर्यंत जात नाहीत, परत येतात.

मॉनिटर मी ज्या व्हिडिओसाठी घेतला तो बेचाळीस सेकंदांचा आहे. भिवाने काढलेला. भिवा आमच्या बोटीवर खलाशी होता. त्या संध्याकाळी सुरमई चांगली लागली होती, ती घरी दाखवायला त्याने मोबाइल फिरवला आणि लगेच व्हॉट्सॲपवर टाकला, तो बंदरात रेंज आल्यावर आपोआप गेला. नंतर त्याचा मोबाइल खाऱ्या पाण्याने गेला. राहिली ती पाठवलेली, दाबून लहान झालेली प्रत. सहाशे चाळीस गुणिले तीनशे बावन्न ठिपके, सेकंदाला तीस फ्रेम, एकूण बाराशे साठ. त्या सगळ्या मी पाहिल्या आहेत. एकतिसाव्या सेकंदाला मोबाइल बोटीच्या मागच्या बाजूला वळतो आणि बावीस फ्रेम तिथे राहतो. कठड्याशी काहीतरी उभं आहे. नऊ ठिपके रुंद, वीस ठिपके उंच. ते डिझेलचं पिंप असेल, किंवा उभी करून ठेवलेली जाळ्याची गुंडाळी, किंवा माझा भाऊ नितेश. मी व्हिडिओ नेहमी आवाज बंद करून पाहते.

तो त्या संध्याकाळी बोटीवरून पाण्यात पडला. कुणी पाहिलं नाही. कळलं तेव्हा बोट वळून तीन तास झाले होते आणि ती बंदराच्या वाटेवर अर्ध्याहून पुढे आली होती. कुठे शोधायचं हेच ठरवता येईना. तटरक्षक दलाची बोट दोन दिवस फिरली, आमच्या वाड्यातल्या अकरा बोटी पाच दिवस. काही मिळालं नाही. नोव्हेंबरात सात वर्षं झाली. आता फेब्रुवारी आहे.

सात वर्षं झाली की बेपत्ता माणसाला मृत ठरवण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो, हे वकिलांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. घरच्यांच्या सह्या लागतील, आणि शेवटचा कुणी, कधी पाहिला याचा तांडेलाचा जबाब. म्हणजे आप्पांचा. पहिली पाच वर्षं हा विषय निघाला नाही. मग निघू लागला, तेव्हा आप्पा म्हणाले, "रुचिरा तो व्हिडिओ बघत्येय. ती शिकलेली आहे. ती बघून सांगेल." तेव्हापासून सगळं घर माझ्या बघण्यावर थांबलं. मी सुट्टीच्या दिवशी खोलीत बसले की तुळसावहिनी भांडी हळू ठेवायची. नितेशची बायको. तो गेला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. पहाटे लिलावात टोपली घेते, दहापर्यंत मच्छी विकते, दुपारी घरी येऊन माझ्यासाठी दोन चपात्या वेगळ्या काढून ठेवते. गळ्यात मंगळसूत्र आहे. कपाळाला टिकली आहे, पण गेल्या वर्षापासून ती लाल नाही, मरून आहे. मी हे नोंदवलं होतं. त्याचा अर्थ मात्र लावला नव्हता.

जानेवारीत केळशीहून दीपकची बहीण वहिनीसाठी विचारायला येऊन गेली. दीपक इंजिनं दुरुस्त करतो, चार वर्षांपूर्वी त्याची बायको आजारात गेली. बहीण पडवीत बसली, चहा घेतला, आणि आप्पांना म्हणाली, "काका, आमची काही घाई नाही. पण शिमग्याला पालखी घरी येईल त्याच्या आत काय ते कळलं तर बरं. बाईमाणसाला असं अधांतरी किती दिवस ठेवायचं?" आप्पा म्हणाले, "बघत्येय ती." बहिणीने माझ्याकडे पाहिलं. वहिनी आत कोयतीवर मासे कापत होती. आवाज थांबला होता, मग पुन्हा सुरू झाला. त्याआधी महिन्या-दोन महिन्यांनी एकदा ती विचारायची, "ताई, काय दिसलं काय हो?" जानेवारीनंतर तिने विचारणं बंद केलं.

शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी स्कूटी मारुती मंदिराकडे घेतली. निहारचं कॉम्प्युटरचं दुकान तिथे आहे. त्याची धाकटी बहीण सानवी माझ्या हाताखाली बारावी झाली, म्हणून तो मला मॅडम म्हणतो आणि खुर्ची पुसून देतो. मी कागदावर लिहून नेलं होतं: ग्राफिक्स कार्ड वेगळं, स्वतःच्या आठ जीबी मेमरीचं, मुख्य मेमरी सोळा, पण एक पट्टी नको, आठ-आठच्या दोन, मॉनिटरचा पोर्ट थेट कार्डाला जोडलेला, आतल्या ग्राफिक्समधून वळसा घालून आलेला नको, मोठ्या मॉनिटरला साठ चित्रं पूर्ण मिळाली पाहिजेत. निहारने कागद वाचला, पालथा केला, पुन्हा वाचला.

"मॅडम, माझ्या दुकानात बसा तुम्ही. मी जातो घरी." मग म्हणाला, "दोन पट्ट्या कशाला ते मी रोज दहा जणांना सांगतो, कुणाला पटत नाही. गेमिंग आहे का? भाचा वगैरे?"

"नाही. व्हिडिओ बघायचाय."

"बघायचाय? का एडिट करायचाय? नुसता बघायला एवढं नको. किती तासांचा आहे?"

"बेचाळीस सेकंदांचा."

तो हसला. मग माझ्याकडे बघून हसणं आवरलं. मी पेनड्राइव्ह पुढे केला. तो त्याने लावला, व्हिडिओ सुरू होण्याआधी मी हात लांब करून आवाज बंद केला. त्याने एकदा पूर्ण पाहिला. मी एकतिसाव्या सेकंदावर थांबवायला सांगितलं आणि बोट ठेवलं. एक प्रोग्राम आहे, मी म्हटलं, अस्पष्ट चित्र स्वच्छ करतो. माझ्या लॅपटॉपवर मेमरी अपुरी म्हणून बंद पडतो. कार्डाला स्वतःची आठ जीबी असली तर चालेल. निहारने चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. पडद्यावर करडे, निळे, काळे चौकोन आले.

"व्हॉट्सॲपवरून आलंय ना हे?" तो म्हणाला. "मॅडम, कार्ड विकायलाच बसलोय मी. पण मॉनिटर केवढाही घेतलात, मेमरी कितीही घातलीत, तरी फाइलमध्ये जेवढं आहे तेवढंच आहे ना."

हे वाक्य मला माहीत होतं. मी बारा वर्षं ते फळ्यावर लिहीत आले आहे. भिंग दोन ठिपके वेगळे दाखवू शकत नसेल तर चित्र कितीही मोठं करा, तिथे एकच ठिपका राहतो. सहाशे चाळीसचं चित्र तीन हजार आठशे चाळीसच्या पडद्यावर पसरलं तर प्रत्येक ठिपका आडवा सहा आणि उभा सहा होतो. एका ठिपक्याचे छत्तीस. सगळे सारखे. हा हिशेब मी मॉनिटर घेण्याच्या आधी वहीत केला होता, त्याखाली रेघ मारली होती, आणि तरी मॉनिटर घेतला होता. पण ते मी कधी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट बधिर झालं. मी ती दोन बोटं एकमेकांवर घासली, काही जाणवलं नाही. दुकानाबाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. निहारला काय वाटलं कोण जाणे, त्याने मागच्या कप्प्यातून एक लॅपटॉप काढला. दाखवायला ठेवलेला, तुमच्या कागदात आहे तेच सगळं यात आहे, म्हणाला. घरी न्या, तुमच्या मॉनिटरला लावून बघा, सोमवारी आणून द्या. पटला तर नवा मागवतो, नाही तर चहा पिऊन जा. दोन किलो सहाशे ग्रॅमचा होता, चार्जरची वीट वेगळी. मी तो पायांशी ठेवून स्कूटी चालवली आणि मांडवीपर्यंत एकदाही ब्रेक जोरात लावला नाही.

आप्पांची एक पद्धत होती. बोटीवर ते धरून सात माणसं. संध्याकाळी जाळं वर आलं की जेवण व्हायचं आणि मग बोट बंदराकडे वळायची. अंधारात माणसं मोजता येत नाहीत. कुणी बर्फाच्या खणात उतरलेला असतो, कुणी जाळ्यावर आडवा झालेला, कुणी पुढे विडी ओढत. हाका मारल्या तर इंजिनाच्या आवाजात कोण ओ देतो ते कळत नाही. ताटं मात्र मोजता येतात. जेवून झालं की प्रत्येकाने आपलं स्टीलचं ताट सुकाणूच्या खोलीच्या दारात रचून ठेवायचं. आप्पा आधी जेवायचे, त्यांचं ताट सगळ्यांत खाली. सात ताटं झाली की सगळे बोटीवर आहेत, सगळे जेवले आहेत. मग वळवायची. आप्पांच्या वडिलांची पण हीच पद्धत होती, तेव्हा ताटं कल्हईची होती. आणि जेवणाआधी देवीचा घास पाण्यात सोडायचा, तो केळीच्या पानावर. पान पाण्यात जातं, मोजण्यात येत नाही. त्या संध्याकाळी आप्पांनी सात ताटं मोजली. जबाब म्हणून त्यांनी पोलिसांना एवढंच सांगितलं, घरी एवढंच सांगितलं. "सात होती. मी मोजली." सात वर्षांत या वाक्यात एक शब्द कमी-जास्त झाला नाही.

व्हिडिओत ताटांची चळत दिसते. सतराव्या सेकंदाला, जवळून, दिव्याखाली. व्हिडिओतली मोजता येण्याजोगी ती एकमेव गोष्ट आहे. कडा मोजल्या की सात भरतात. पहिल्या आठवड्यात, घर माणसांनी भरलेलं असताना, मी मोरीच्या बाजूला उभी राहून कानाला हेडफोन लावून तो भाग ऐकला होता. मोबाइलच्या स्पीकरवर नुसतं इंजिन ऐकू येतं. हेडफोनमध्ये दोन माणसंही ऐकू आली. त्यानंतर मी हेडफोन ड्रॉवरमध्ये ठेवला आणि आवाज बंद करून एकतिसाव्या सेकंदाकडे गेले. कठड्याशी नितेश उभा असेल, तर जेवणं झाल्यावरही तो बोटीवर होता. जेवला नसेल, भूक नसेल, रुसला असेल, तो रुसायचा. ताटांना मग काही अर्थ उरत नाही. त्यासाठी मला ते नऊ गुणिले वीस ठिपके माणूस म्हणून हवे होते. प्रयोगात असं करू नये. उत्तर आधी ठरवून त्याच्याकडे जाणारी वाट शोधू नये. मुलांच्या जर्नलमध्ये असं दिसलं तर मी लाल पेनाने खूण करते.

रविवारी दुपारी मी निहारचा लॅपटॉप मॉनिटरला जोडला. आधी बाण मोजला. दोन्ही पडद्यांवर दर चार फ्रेमनंतर. कड ओलांडताना तो अडखळला नाही. मग प्रोग्राम चढवला, बावीस फ्रेम निवडल्या, पण प्रोग्राम म्हणाला सबंध व्हिडिओ द्या म्हणजे आजूबाजूच्या फ्रेममधून जास्त कळतं. मी सबंध दिला. लॅपटॉपचे पंखे फिरू लागले, खिडकीत पाखरू अडकावं तसा आवाज. काम किती झालं ते टक्क्यांत दिसत होतं. मेमरी आठातली सहा पूर्णांक एक दशांश लागली होती. पुरेशी होती. बाहेर आप्पांनी रेडिओ लावला होता, त्यावर कुणी तरी आंब्याच्या मोहोरावरच्या फवारणीबद्दल बोलत होतं. अकरा मिनिटं लागली. मी एकतिसाव्या सेकंदावर गेले.

कठड्याशी माणूस उभा होता. सत्तावीस इंचाच्या पडद्यावर मोठा केल्यावर तो वीतभर उंच दिसत होता. त्याला शर्ट होता, शर्टाला कॉलर. त्याला चेहरा होता. दोन डोळे, सरळ नाक, ओठांवर बारीक कातरलेली मिशी. तो माझ्याकडे बघत होता. मी पुढची फ्रेम घेतली, मग त्याच्या पुढची. सगळ्यांत तो होता, फक्त चौदाव्या फ्रेममध्ये मिशी नव्हती आणि पंधराव्यात पुन्हा आली. मला काही वाटलं नाही. मी वाट पाहिली. काही वाटायला हवं होतं असं मला कळत होतं, जसं भूल दिल्यावर दात काढताना ओढ कळते.

"ताई, चहा." वहिनी कप घेऊन आत आली होती. टेबलापाशी थांबली. "अगोबाई, कोण हो हा?"

मी खुर्ची थोडी मागे घेतली.

"शिणेमातला आहे काय? तुमच्या कॉलेजातला कोण?" ती आणखी जवळ गेली. पदराने तिने मॉनिटरच्या कडेवरची धूळ पुसली. मग तिला कठडा दिसला, त्यावर अडकवलेला केशरी टायर दिसला. तो टायर आमच्या बोटीचा. तिचा हात तसाच राहिला. दाराकडे वळून तिने सासऱ्यांना हाक मारली, "मामा, जरा आत येता?"

आप्पा आले. चष्मा पडवीत राहिला होता, तो आणायला परत गेले, पुन्हा आले. पडद्यापासून एका हातावर उभे राहिले. अंधारातून येणारी बोट कुणाची आहे ते ओळखताना ते मान किंचित डावीकडे कलती करायचे. तशी केली.

"हा आपला नाय," ते म्हणाले.

"कुणाचाच नाही, आप्पा. हा यंत्राने काढलाय. ठिपके कमी होते, ते त्याने आपल्या मनाने भरले."

"म्हणजे खोटा?"

"हो."

मी प्रोग्राम बंद करायला गेले. त्याने विचारलं, तयार झालेला व्हिडिओ बघायचा का. मी नाही म्हणून बटण दाबलं, निदान मला तसं वाटलं. अंगठा अजून बधिर होता. व्हिडिओ पहिल्यापासून सुरू झाला. आवाजासकट. निहारच्या लॅपटॉपचे स्पीकर चांगले होते, आणि त्या प्रोग्रामने चित्रासारखाच आवाजही धुतला होता, इंजिन मागे गेलं होतं. सुरमई चमकल्या. भिवाचा श्वास ऐकू आला. मी आवाजाचं बटण शोधत होते, ते माझ्या जुन्या लॅपटॉपवर उजवीकडे होतं, इथे नव्हतं. ताटांची चळत आली. खोलीत कुणी तरी बोलावं इतकं स्पष्ट ऐकू आलं:

"देवीचं ताट खरकट्यात घातलंस काय रे, भिवा?"

"पान उडालं वाऱ्यानं. मग काय हातावर देऊ घास देवीला?"

भिवा आणि तो दुसरा खलाशी, दोघं हसले. मोबाइल पुढे सरकला, मागे वळला, कठड्याशी तो मिशीवाला माणूस उभा राहिला, गेला. बेचाळीस सेकंद झाले. पडदा काळा झाला. त्यात आम्ही तिघं दिसत होतो.

आप्पा माझ्या पलंगावर बसले. माझ्या खोलीत ते कधी बसत नाहीत. "मला भिवानं जेट्टीवरच सांगितलन," ते म्हणाले. "बोट लागली, दोर बांधला नव्हता अजून, तेव्हाच. तांडेल, एक ताट देवीचं होतं, माणसांची सहाच. मी म्हटलं, गप ऱ्हा." त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, हातात धरून ठेवला. "तुला कळू नये म्हणून बोललो नाय. तू एवढी बघत होतीस. मला वाटलं, बघून तू सांगशील, तो मागं उभा होता. मग मी सही केली असती." चष्म्याच्या काड्या मिटून ते म्हणाले, "मी ताटं मोजली गो. माणसं नाय मोजली."

मला ते ऐकू येत होतं आणि मी त्यांच्या नखांकडे बघत होते. डाव्या अंगठ्याचं नख अर्धं काळं होतं, जेट्टीवर कधीतरी चेमटलेलं. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. काळा भाग निम्म्यावर आला होता, म्हणजे दोन-तीन महिने झाले असतील. म्हणजे डिसेंबर. आम्ही एका घरात राहतो आणि ते मी पाहिलं नव्हतं. मी फक्त पडदा पाहत होते. मला म्हणायचं होतं की आप्पा, मलाही पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. ते म्हणता आलं नाही. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी आवाजाकडे किती घाईने हात नेला होता ते त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी मान हलवली, हलवत राहिले.

वहिनी टेबलाला टेकून उभी होती. चहावर साय धरली होती. ती म्हणाली, "भिवाभाऊजींच्या बायकोनं, आवडाबाईनं मला वर्षश्राद्धाला सांगितलं होतं. म्हणजे वर्षश्राद्ध कुठे केलं आपण. ती वर्ष झालं म्हणून आली होती, तेव्हा." तिचा आवाज बाजारात बोलते तसा होता, ना वर ना खाली. "मी म्हटलं, ह्या दोघांना ठाऊक नसेल. कशाला सांगा. मामा जेवायचे बंद होतील. तुम्ही बघतायत तर बघूदेत."

"सहा वर्षं?" मी विचारलं.

"मला काय जायचं होतं कुठे?" ती म्हणाली, आणि मग तिचं तिलाच ते ऐकू आलं. तिने साय बोटाने बाजूला केली. "आता गार झाला. दुसरा करते."

ती कप उचलायला वाकली तेव्हा मी तिची टिकली जवळून पाहिली. मरून. कडेला थोडी निघालेली, रोज तीच काढून आरशाला लावलेली आणि पुन्हा कपाळाला लावलेली. शिमग्याला चोवीस दिवस उरले होते. निहारचा लॅपटॉप उद्या परत करायचा होता. त्याचे पंखे आता थांबले होते आणि बाण मॉनिटरच्या मधोमध उभा होता, कुठेही जायला तयार. मी केबल काढली. बाण लॅपटॉपवर परत आला. मॉनिटरने सिग्नल नाही असं लिहिलं, ती अक्षरं एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे फिरत राहिली, मग विझली. मी वहिनीच्या हातातला कप घेतला आणि गार चहा तसाच प्यायले. बोटांना कपाचा कान जाणवला.

"वहिनी," मी म्हटलं. माझा आवाज मला वर्गातल्यासारखा वाटला, मागच्या बाकापर्यंत जाईल असा. "दुसरा करू नका. बसा इथे. आप्पा, तुम्हीपण ऐका. उद्या मी कॉलेजातून लवकर येते, आपण तिघं वकिलांकडे जाऊ. ताटांचं जसं झालं तसं लिहून देऊ. पहिली सही मी करते. नितेश गेला."